घरची मोटारसायकल आणि तिची कुरकुर

गेल्या महिन्यांत ह्या सदरांत आपण शिवणयंत्राची निगा कशी राखावी ह्याचा विचार केला. त्यावर आलेल्या पत्रांत एका वाचकभगिनींनीं सहज असें विचारलें आहे कीं, ‘शिवणयंत्र बायकांच्या हातचें, म्हणून त्याची काळजी त्यांनीं घ्यावी, हें मान्य, पण दारांत उभी असलेली मोटारसायकल कोणाच्या हातची समजावयाची?’ प्रश्न खोंचक आहे, आणि त्याचें उत्तर देणें मला तितकेंसें सोपें नाहीं. आमच्या घरीं तिचें उत्तर बरींच वर्षें ‘सर्वांच्या हातची’ असें होतें; आणि सर्वांच्या हातची म्हणजे कोणाच्याच हातची नव्हे, हें आम्हांस फार महागांत पडून कळलें. म्हणून प्रथम ती हकीकत सांगतों आणि मग निगेच्या गोष्टींकडे वळतों.

आमचें कुटुंब सातारचें. आई-वडील, आम्ही तिघे भाऊ आणि मुलेंबाळें, असा एकत्र संसार. सन २०११ मध्यें घरांत शंभर सी. सी. ची एक मोटारसायकल आली. सकाळीं ती धाकट्या भावाबरोबर दूध आणि भाजी आणी, दहा वाजतां मला कामावर पोंचवी, दुपारीं दादांबरोबर बँकेंत जाई आणि सायंकाळीं पुतण्याच्या ताब्यांत येई. दसऱ्यास तिला झेंडूचा हार पडे, हळदकुंकू लागे, चाकाखालीं लिंबू ठेविलें जाई. पेट्रोल कोणीं भरावयाचें ह्यावरून क्वचित् वाद होई, पण तें भरलें जाई. कारण त्यावांचून गाडी चालत नाहीं. तिच्या साखळीला तेल कोणीं घालावयाचें हें मात्र कोणींच ठरविलें नव्हतें. कारण त्यावांचून ती चालते, निदान कांहीं दिवस तरी चालते.

सन २०१७ च्या श्रावणांतील गोष्ट. पाऊस लागून राहिला होता. त्या आठवड्यांत गाडी चालवितांना खालून ‘करकर, टक्’ असा आवाज येऊं लागला. मीं तो ऐकला, आणि मला त्याचा अर्थहि कळला. कारण यंत्रांशीं माझा पोटापाण्याचा संबंध आहे. साखळी गंजून सैल झाली आहे, आज तिच्याकडे पाहावयास हवें, असें मनांत आलें. पण सकाळीं उशीर झालेला असे, आणि सायंकाळीं गाडी माझ्याकडे नसे. तोच आवाज दादांनीं ऐकला होता, धाकट्यानेंहि ऐकला होता. प्रत्येकास वाटे कीं, दुसरा कोणी तरी मिस्त्रीकडे नेईलच. असे पांच दिवस गेले.

सोमवारीं आईस संगम माहुलीस विश्वेश्वराच्या दर्शनास जावयाचें होतें. अंतर अवघें पांचेक किलोमीटरांचें. पुतण्या तिला घेऊन गेला. परततांना चढावर त्यानें गिअर बदलतांच साखळी दांत्यांवरून उसळली, चाकाच्या आणि दांतेरी चक्राच्या मध्यें जाऊन अडकली, आणि मागचें चाक जागच्या जागीं खिळलें. वेग थोडा होता, मागून मोठें वाहन येत नव्हतें, म्हणून थोडक्यावर निभावलें. पुतण्याचें कोपर सोलवटलें. आईचें उजवें मनगट मोडलें.

घरीं सर्वांचा राग त्या मुलावर निघाला. ‘वेगांत असशील’, ‘लक्ष दुसरीकडे असेल’, असें ज्याला जें सुचेल तें तो बोलला. वीस वर्षांचा मुलगा खालीं मान घालून उभा होता. मी तेथेंच होतों. पांच दिवस तो आवाज ऐकलेला मी. त्या दिवशीं माझ्या तोंडून शब्द निघाला नाहीं. तिसऱ्या दिवशीं रात्रीं जेवणें झाल्यावर मीं सर्वांसमोर सांगितलें कीं, आवाज मला ऐकूं येत होता आणि तो कसला आहे हें मला ठाऊक होतें. दादा कांहीं वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘मलाहि आला होता.’ धाकट्यानेंहि मान हलविली. आई हात गळ्यांत बांधून पलंगावर बसली होती. ती एवढेंच म्हणाली, ‘मग त्या पोराला तीन दिवस कशाला रडवलंत ?’

आईचें मनगट जुळलें, परंतु तें पूर्वीसारखें वळत नाहीं. पुरणपोळी आतां ती सांगते आणि वहिनी लाटतात. साखळीचें जें काम राहून गेलें तें वीस मिनिटांचें होतें. पुढें लिहिलेल्या सूचना वाचतांना ही वीस मिनिटें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं, एवढ्याचसाठीं हें घरचें गाऱ्हाणें येथें मांडलें.

साखळी

मोटारसायकलच्या साखळीस आपण चेन म्हणतों. शंभराच्या आसपास दुव्यांची ही पोलादी माळ इंजिनाची सारी शक्ति मागच्या चाकास पोंचविते. ती ‘लांबते’ असें आपण म्हणतों, पण खरोखर पोलाद ताणलें जात नसतें. प्रत्येक दुव्यांतील खिळा आणि त्याभोंवतालची नळी एकमेकांवर घांसून झिजतात. आणि शंभर ठिकाणची केसाएवढी झीज मिळून शेवटीं साखळीस बोटभर सैलपणा येतो. तेल नसेल तर ही झीज झपाट्यानें होते. पावसाचा चिखल त्यांत मिसळला म्हणजे तो पॉलिश-कागदाचेंच काम करतो.

तपासण्याची रीत अशी : इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, गाडी मधल्या स्टॅण्डवर घ्यावी आणि गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा. मग खालच्या बाजूच्या साखळीचा मध्य बोटानें वरखालीं करून पाहावा. बहुतेक लहान गाड्यांत ही हालचाल २० ते ३० मिलिमीटर असावी लागते. आपल्या गाडीचा नेमका आंकडा तिच्याबरोबर आलेल्या पुस्तिकेंत असतो, तोच प्रमाण मानावा. चाक थोडें थोडें फिरवून चार ठिकाणीं तरी पाहावें. कारण साखळी सर्वत्र सारखी झिजत नाहीं. जेथें ती सर्वांत ताठ असेल तेथील माप धरावें. साखळीवर पूर्ण झांकण असेल त्या गाडीस तपासणीसाठीं एक रबरी बूच असतें; तें काढून पाहावें.

कित्येकांस वाटतें कीं, सैल साखळी वाईट, तर मग ती खेंचून ताठ केलेली बरी. तेंहि चूक. रस्त्यावरील खळग्यांत मागचें चाक वरखालीं होतें, तेव्हां पुढचें आणि मागचें दांतेरी चक्र ह्यांतील अंतर कमीअधिक होतें. तेवढ्यासाठीं साखळींत सैलपणा राखावाच लागतो. तो न राखला तर एखाद्या खळग्यांत सारा ताण साखळीवर आणि चाकाच्या बेअरिंगांवर येतो.

साफ करण्यास फडकें आणि मऊ ब्रश पुरे. पूर्वीं रॉकेल वापरीत. आतां तें सहज मिळत नाहीं, थोडें डिझेल चालतें. पेट्रोल वापरूं नये. तें पेट घेण्याचें भय असतें, आणि ज्या साखळीच्या दुव्यांत रबरी कडीं बसविलेलीं असतात तिचीं तीं कडीं खराब होतात. साखळी पुसून कोरडी केल्यावर चाक हातानें उलट फिरवीत खालच्या साखळीच्या आंतल्या बाजूवर ९० नंबरचें गिअर-तेल थेंबथेंब सोडावें, कांहीं वेळानें जास्तीचें पुसून टाकावें. तेल ठिबकत ठेवल्यास त्यावर धूळ बसते आणि मूळचा हेतूच फसतो. दर पांचशे किलोमीटरांस हें एकदां करावें. पावसाळ्यांत गाडी भिजून आली कीं करावें.

येथें एक गोष्ट मीं जितकी आग्रहानें सांगेन तितकी थोडीच. इंजिन चालूं ठेवून, गिअर टाकून, फिरत्या साखळीस फडकें लावण्याची फार वाईट संवय तरुण मुलांस असते. काम लवकर होतें खरें. पण फडकें ओढलें जातें तेव्हां त्याच्याबरोबर बोटेंहि आंत जातात. बोट सोडवून घेण्यास वेळच मिळत नाहीं. चाक हातानेंच फिरवावें.

साखळी जोडणारी एक लहान चाप-पट्टी असते. तिचें बंद टोंक साखळी ज्या दिशेनें धांवते त्या दिशेस असलें पाहिजे. उलटी बसविल्यास ती निसटूं शकते. दांतेरी चक्राचे दांते सरळ आहेत कीं एका बाजूस वाघनखासारखे वळले आहेत तें पाहावें. वळले असल्यास साखळी आणि दोन्ही चक्रें मिळून संपूर्ण संच बदलावा. जुन्या चक्रांवर नवी साखळी घालणें म्हणजे नव्या साखळीचे पैसे पाण्यांत घालणें होय. साखळी ओढून घेणें घरीं करतां येतें; पण चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा समान यावयास हव्यात आणि आंसाचें नट पुरेसें आवळलें गेलें पाहिजे. ज्यास ह्याचा सराव नाहीं त्यानें तें मिस्त्रीकडूनच करवावें. साखळी ओढल्यावर चाक मागें सरकतें, म्हणून मागचा ब्रेकहि त्याच वेळीं तपासावा.

इंजिनाचें तेल

लहान गाडीच्या इंजिनांत तेल सुमारें एक लिटर असतें, आणि तेवढ्यावरच त्यास वंगण, थंडावा आणि स्वच्छता हीं तिन्ही मिळवावीं लागतात. गाडी सपाट जागीं मधल्या स्टॅण्डवर ठेवून इंजिन दोन-तीन मिनिटें चालवावें, मग बंद करून तितकाच वेळ थांबावें आणि तेलाची कांडी काढून, पुसून, पुन्हां बुडवून पाहावी. कित्येक गाड्यांत ती कांडी आटे न फिरवितां नुसती टेकवून माप घ्यावयाचें असतें, पुस्तिका पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्यें असावें. वरच्या खुणेच्यावर भरणें हेंहि हिताचें नाहीं.

दुकानांत चारचाकीचें तेल स्वस्त मिळालें म्हणून तें मोटारसायकलींत ओतूं नये. मोटारसायकलचा क्लच बहुधा त्याच तेलांत बुडालेला असतो. चारचाकीच्या कित्येक तेलांत घर्षण कमी करणारीं द्रव्यें घातलेलीं असतात. त्यांनीं क्लचच्या पट्ट्या घसरूं लागतात, आणि इंजिन ओरडतें पण गाडी पुढें सरत नाहीं. तेलाच्या डब्यावर ‘जासो एम. ए.’ हीं अक्षरें आणि पुस्तिकेंत सांगितलेला जाडीचा आंकडा, दोन्ही पाहून घ्यावीं. तेल किती किलोमीटरांस बदलावें हें प्रत्येक गाडीचें वेगळें असतें. पण गाडी थोडीच चालली तरी वर्षांतून एकदां तें बदललेंच पाहिजे.

चाकें आणि ब्रेक

टायरमधील हवा सकाळीं, गाडी चालविण्यापूर्वीं मोजावी. धांवून तापलेल्या टायरमध्यें दाब वाढलेला दिसतो. मागच्या टायरमध्यें पुढच्यापेक्षां अधिक, आणि दोघे बसावयाचे असल्यास आणखी अधिक हवा लागते. आंकडे बहुधा गाडीवरच चिकटविलेल्या पट्टींत दिलेले असतात. एकत्र कुटुंबांत कधीं एक बसतो, कधीं दोघे. म्हणून लांबच्या प्रवासास दोघांनीं निघतांना हवा पाहिल्यावांचून निघूं नये. टायरच्या खांचांमध्यें लहान उंचवटे असतात. झीज त्यांच्याशीं येऊन भिडली कीं टायर बदलावा. टायरच्या बाजूस चार अंकांची एक खूण असते : ३२१७ असें असल्यास तो २०१७ च्या बत्तिसाव्या आठवड्यांत तयार झाला. खांचा चांगल्या दिसल्या तरी जुनाट, चिरा पडलेलें रबर ओल्या रस्त्यावर दगा देतें.

ड्रम-ब्रेकच्या पाट्यावर बाण असतो; ब्रेक दाबल्यावर तो ठरीव खुणेपर्यंत पोंचला तर आंतील ब्रेक-शू संपले असें समजावें. डिस्क-ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, म्हणून तें सामान्यतः दर दोन वर्षांनीं बदलावयाचें असतें. त्याची पातळी खालीं गेलेली दिसली तर नुसती भर घालून समाधान मानूं नये. पॅड झिजल्यानें किंवा कोठें गळती असल्यानें ती उतरते, तें आधीं पाहावें. हें तेल रंगावर सांडलें तर रंग खातें. साखळीस तेल घालतांना त्याचा थेंबहि डिस्कवर जाऊं देऊं नये.

क्लचच्या दांडीच्या टोंकाशीं सुमारें १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल असावी. ती मुळींच नसेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि झिजतो. फार असेल तर गिअर खडखडत पडतो.

गाडी सुरू होत नाहीं तेव्हां

अशा वेळीं घरांतील प्रत्येकजण येऊन एकेक किक मारून जातो आणि शेवटीं सर्वजण दमतात. त्याऐवजीं क्रमानें पाहावें. पहिली गोष्ट, हातापाशीं असलेली इंजिन बंद करण्याची तांबडी कळ. शेजारच्या मुलानें खेळतांना ती दाबलेली असते, आणि हें जितकें हास्यास्पद वाटतें तितकेंच वारंवार घडतें. दुसरी, गिअर न्यूट्रलमध्यें आहे ना, आणि बाजूचा स्टॅण्ड वर आहे ना. कित्येक नव्या गाड्या तो खालीं असतां सुरू होत नाहींत. तिसरी, टांकींत पेट्रोल आहे ना आणि जुन्या गाडीचा कॉक उघडा आहे ना. इतकें पाहिल्यावरच प्लगकडे वळावें.

प्लग काढल्यास त्याचा रंग वाचावा. वैद्य जीभ पाहतो तसाच हा प्रकार आहे. फिकट तपकिरी रंग म्हणजे प्रकृति ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक आणि हवा कमी. बहुधा एअर-फिल्टर धुळीनें भरलेला असतो. ओलसर, तेलकट काळेपणा म्हणजे इंजिनाचें तेल आंत जळत आहे, मिस्त्रीस दाखवावें. पांढराफटक रंग म्हणजे पेट्रोल कमी पडून इंजिन अति तापत आहे. ठिणगी पाहण्याचा प्रयोग पेट्रोलच्या वासांत कधींहि करूं नये.

आमच्या वडिलांच्या पिढीस १९७२ सालीं निघालेल्या चेतक स्कूटरची आठवण आहे. सकाळीं ती एका कुशीवर कलती करावयाची, मग किक मारावयाची, हा घरोघरचा नित्यविधि होता. त्या दोन-स्ट्रोक इंजिनांत वंगणाचें तेल पेट्रोलमध्येंच मिसळावें लागे. त्या काळीं ती विद्या खरी होती. पण वडिलांची विद्या पुतण्याच्या गाडीस लागूं पडत नाहीं. १ एप्रिल २०२० पासून भारतांत बी. एस. ६ नियम लागूं झाले, आणि तेव्हांपासूनच्या बहुतेक साऱ्या मोटारसायकलींत कार्बोरेटर जाऊन विद्युत्-नियंत्रित इंजेक्शन आलें आहे. ह्या गाडीस कलती करून कांहींहि लाभ नाहीं. किल्ली फिरवितांच टांकींतील पंपाचा क्षणभर घुंई असा आवाज येतो. तो आला नाहीं, किंवा इंजिनाचा दिवा विझला नाहीं, तर स्वतः खटपट न करतां जाणकारास दाखवावें. हा पंप पेट्रोलमध्येंच बुडून थंड राहतो. म्हणून टांकी अगदीं तळास जाईपर्यंत गाडी चालविण्याची जुनी काटकसर आतां खर्चाची ठरते.

बॅटरीविषयीं थोडेंसें. बारा व्होल्टांची म्हटलेली निरोगी बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. गाडी उभी राहणार असेल तर आठवड्यांतून एकदां ती पंधरा-वीस मिनिटें रस्त्यावर फिरवून आणावी; दारांत नुसती गुरगुरत ठेवल्यानें बॅटरी नीट भरत नाहीं. आणि गाडी बंद खोलींत किंवा दार लावलेल्या बोळांत चालूं ठेवणें तर प्राणघातक आहे. धुरांतील विषारी वायूस ना रंग ना वास. बॅटरी काढतांना ऋण तार आधीं सोडावी, बसवितांना ती शेवटीं जोडावी. म्हणजे पाना सांगाड्यास लागून ठिणगी पडत नाहीं.

पावसाळ्यांत

चाकें पाण्यांतून गेल्यावर ड्रम-ब्रेक कांहीं काळ पकडत नाहींत. पाण्याबाहेर येतांच सावकाश चालवीत ब्रेक हलकेच दाबावा, म्हणजे ते तापून कोरडे होतात. खोल पाण्यांत इंजिन बंद पडलें तर पुन्हां सुरू करण्याचा हट्ट धरूं नये. पाणी आंत शिरलें असेल तर तें दाबलें जात नाहीं आणि इंजिनाचा दांडा वांकतो. गाडी ढकलून बाहेर आणावी. धुतांना जोराचा फवारा चाकाच्या मध्यावर, विजेच्या तारांवर किंवा सायलेन्सरच्या तोंडांत मारूं नये. कोंकणांतील वाचकांनीं खाऱ्या हवेंत गाडी गोड्या पाण्यानें वरचेवर धुवावी आणि कोरडी झाल्याशिवाय प्लॅस्टिकखालीं झांकूं नये; आंत कोंडलेली दमट हवा पावसापेक्षां अधिक गंज चढविते.

सन २०२५ पर्यंत पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत नेण्यांत आलें. इथेनॉल पाण्यास ओढून घेतें. म्हणून टांकीचें झांकण नीट बसतें ना हें पाहावें, आणि जुनें पेट्रोल महिनोगणती टांकींत सांठवूं नये. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांस चिरा पडल्या आहेत काय, हेंहि त्याच वेळीं पाहावें.

मागें बसणाऱ्यांसाठीं

मागें बसणारीं माणसें बहुधा घरांतील आई, वहिनी, आजी हीं असतात. आणि चालविणाऱ्यास त्यांचा पदर दिसत नाहीं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानें मागें बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला धरावयाची मूठ, पाय ठेवावयाची जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारें संरक्षण असावें लागतें. मागें बसणाऱ्याचें वस्त्र चाकांत अडकूं नये, एवढ्यासाठींच तो नियम आहे. गाडी छान दिसावी म्हणून ही जाळी काढून टाकणारे तरुण घरोघर आहेत. वाचकभगिनींस माझें सांगणें असें कीं, जाळी काढलेल्या गाडीवर त्यांनीं बसण्यास साफ नकार द्यावा. पदर आणि ओढणी आवरून घ्यावी, आणि तापलेल्या सायलेन्सरच्या बाजूनें मुलांस चढवूं-उतरवूं नये. शिरस्त्राण मागच्यासहि हवें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १२९ वें कलम तें दोघांसहि सांगतें. आमच्या आईच्या डोक्यावर त्या सोमवारीं तें होतें. म्हणून आज मी केवळ मनगटाविषयीं लिहीत आहें.

खिळ्यावरची वही

आतां मूळ प्रश्न : गाडी कोणाच्या हातची ? आमच्या घरीं गाडीची किल्ली ज्या खिळ्यास असते त्याच खिळ्यास एक वही दोऱ्यानें बांधली आहे. ती आईनें सुचविली. तींत तीन रकाने आहेत : तारीख आणि किलोमीटर, काय ऐकलें किंवा दिसलें, आणि काय केलें. पहिला नियम असा कीं, ज्याला कुरकुर ऐकूं येईल त्यानें ती त्याच दिवशीं लिहावी. कारण कळलेंच पाहिजे असें नाहीं. दुसरा नियम, तिसरा रकाना भरल्यावांचून त्या गाडीवर मागें कोणीं बसावयाचें नाहीं. रविवारीं सकाळीं आळीपाळीनें एकेकजण साखळी, हवा, तेल, ब्रेक आणि दिवे हीं पांच पाहतो आणि सही करतो. सूनबाईहि गाडी चालवितात, तेव्हां त्यांचीहि पाळी असते. मिस्त्रीकडे जातांना वहीच बरोबर नेली जाते. काय होतें, केव्हांपासून होतें, गाडी थंड असतां होतें कीं तापल्यावर, हें लिहिलेलें असलें म्हणजे त्याचाहि वेळ वांचतो आणि आपले पैसेहि.

वहींत दादांच्या हातची नोंद आहे, माझी आहे, आणि सर्वांत अधिक पुतण्याच्या हातच्या आहेत. त्याला दोष देणारे आम्हीच होतों, आणि सर्वांत नेमानें तोच लिहितो. एकत्र कुटुंबांत काम वांटून घेतां येतें. परंतु ऐकूं आलेलें सांगण्याचें काम वांटतां येत नाहीं. तें ज्याच्या कानीं पडलें त्याचेंच असतें.

आई अजूनहि श्रावणांत सोमवारीं माहुलीस जाते. गाडीवर बसण्यापूर्वीं ती नातवास विचारते, ‘साखळी पाहिलीस ?’ तो वही तिच्या हातांत देतो. ती डाव्या हातानें पान उलटते, सही पाहते आणि मगच बसते.

पुढील महिन्यांत घरच्या पाण्याच्या पंपाविषयीं.